घरी लोखंड कापायचं मशीन घेताय? स्वस्त घ्या, पण आधी हे वाचा

आरोग्याच्या ब्लॉगवर ग्राइंडरचं काय काम, असं तुम्हाला वाटलं तर ते साहजिक आहे. मधुमेह, रक्तदाब, मुलांच्या लसी सोडून डॉक्टर हार्डवेअरच्या दुकानात कशाला शिरला? कारण सांगतो. आपल्या नवापूर भागात गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे आणि तो दवाखान्यात बसल्या बसल्या दिसतो. पूर्वी एखादा अँगल कापायचा असला की माणूस वेल्डिंगवाल्याकडे जायचा. आता मोबाइलवर मागवलं की चार दिवसांत ग्राइंडर दारात येतो. सुरतकडे फॅब्रिकेशनच्या कामाला जाऊन आलेली मुलं हात बसवून परततात आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू करतात. शेतकरी गोठ्याचे खांब, कोंबड्यांच्या शेडचा सांगाडा, पाण्याच्या टाकीचा स्टँड स्वतःच तयार करतो.

मला याचं कौतुकच आहे. हाताला काम येणं ही चांगली गोष्ट आहे आणि ते घरी बसून येत असेल तर अधिकच चांगली. पण मग एका संध्याकाळी हाच मुलगा एक डोळा रुमालाने झाकून येतो आणि म्हणतो, "दोनच कट मारायचे होते, डॉक्टर." हे दोन कट मी फार वेळा ऐकले आहेत. दिवसभर कापणारा कारागीर निदान समोर काच धरतो. दोनच कट मारणारा काहीच धरत नाही.

तेव्हा या लेखात माझं मत स्पष्ट मांडतो. मशीन स्वस्त घ्यायला माझी हरकत नाही. मात्र खिशात जेवढे पैसे आहेत तेवढे सगळे मशीनवर घालून गॉगलसाठी काही न उरवणं, हा व्यवहार मला पटत नाही. तीन हजार रुपये घेऊन दुकानात जाणार असाल, तर त्यातले सातशे-आठशे आधी बाजूला काढा. त्यात दोन गॉगल, चेहऱ्यावरची एक पारदर्शक ढाल, कानात घालायचे प्लग आणि काम पकडायला एक-दोन क्लॅम्प येतात. उरलेल्या पैशांत मशीन बघा. गॉगल दोन का, ते पुढे सांगतो.

तुम्हाला मशीन लागतंय का?

हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. महिन्याला आठ-दहा कट मारायचे असतील तर हाताची करवत, म्हणजे ज्याला आपण एक्सा ब्लेड म्हणतो ती, आणि एक बरा बेंच वाइस एवढ्यावर काम भागतं. आपल्याकडे एक्सा ब्लेड मोडतं म्हणून लोक वैतागतात. पण बहुतेक वेळा ते चुकीचं ब्लेड असतं. एका इंचात १८, २४ किंवा ३२ दात असलेली ब्लेड मिळतात. जाड भरीव सळईला १८, अँगलला २४ आणि पातळ भिंतीच्या पाइपला ३२ दातांचं लावायचं. धातूच्या जाडीवर एका वेळी निदान दोन-तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात अडकून तुटतात. दातांचं तोंड पुढच्या दिशेला हवं, जोर पुढे जाताना द्यायचा आणि मागे येताना हात हलका ठेवायचा. या करवतीने बोट कापतं, नाही असं नाही. पण टाके घालून ते बोट बरं होतं. डोळ्याचं तसं नाही.

पातळ पत्रा कापायला पत्र्याची कात्री सगळ्यांत चांगली. ठिणगी नाही, आवाज नाही. फक्त कापलेली कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून हातात चामड्याचे मोजे घाला आणि कड कानशीने घासून टाका.

मशीनच हवं असेल तर जिगसॉचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. लोकांना ते लाकडाचं मशीन वाटतं. धातूसाठीचं बारीक दातांचं ब्लेड लावलं आणि चाल कमी ठेवली, की पत्रा, अॅल्युमिनियमची पट्टी, तीनेक मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी त्याने नीट कापली जाते. वेळ जास्त लागतो, हात थरथरतो, ब्लेड खपतात. पण भुकटी खाली पडते, तोंडावर येत नाही आणि फुटून उडणारी चकती त्यात नसते. ज्याचं काम मुख्यतः पत्र्याचं आहे, त्याने ग्राइंडरच्या आधी जिगसॉ घ्यावा.

ग्राइंडर घ्यायचाच तर कोणता?

चार इंची. घरच्या कामासाठी माझं उत्तर ठाम आहे. पाच इंची घेतला तर चालेल, सात आणि नऊ इंची अजिबात नको. मोठ्या मशीनचं वजन आणि झटका, दोन्ही न सरावलेल्या हाताला झेपत नाहीत. चकती कटमध्ये अडकली की मशीन उलटं उसळतं. चार इंची मशीन दोन्ही हातांनी पक्कं धरलं असेल तर ते सावरता येतं. नऊ इंची उसळलं की मांडी, पोट, गळा यांपैकी जे वाटेत येईल त्याला ते लागतं. चार इंचीने दीड इंची चौकोनी पाइप एका दमात कापला जात नाही, ही तक्रार खरी आहे. पाइप फिरवून चारी बाजूंनी कापा. दोन मिनिटं जास्त लागतील.

त्याची चाल समजून घ्या, म्हणजे मी एवढा का बोलतोय ते कळेल. चार इंची ग्राइंडर रिकामा फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. चकतीचा व्यास १०० मिमी. हिशोब केला तर तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. आपल्या स्टेशनातून न थांबता धडधडत जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. तिच्यापेक्षाही जास्त. अशा वेगात चकतीचा तुकडा सुटला तर तुमची पापणी मिटायच्या आत तो पोचलेला असतो.

म्हणूनच चकतीवर असलेलं अर्धगोल झाकण, म्हणजे गार्ड, हा त्या मशीनचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. मोटारीपेक्षाही. फुटलेले तुकडे आणि ठिणग्यांचा झोत अंगावर येऊ न देणं हेच त्याचं काम. आणि आपल्याकडे मशीन खोक्यातून काढल्यावर सर्वांत आधी काढून फेकला जातो तो गार्डच. "त्याने दिसत नाही," "कोपऱ्यात मशीन जात नाही," अशी कारणं असतात. खरं कारण बहुधा वेगळं असतं: चार इंचीवर पाच इंची चकती बसवायची असते आणि गार्डमुळे ती बसत नाही. ती बसत नाही तेच बरं आहे. त्याहून वाईट म्हणजे सात इंची मशीनची झिजलेली किंवा उरलेली चकती लहान मशीनवर चढवणं. सात इंची चकती मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. तिला ११,००० ने फिरवलं की ती फुटू शकते.

दुकानात मशीन हातात घेतल्यावर या गोष्टी बघा. गार्ड खोक्यात आहे का, तो पक्का बसतो का आणि फिरवून हवा तसा लावता येतो का. बाजूची मूठ आहे का. एका हाताने ग्राइंडर चालवणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील, त्यांचं बघून तसं करू नका. वायर जाड आणि सलग आहे का. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, तिथे दोन पिनांची वायर चालते. ते नसेल तर तीन पिना आणि घरात खरोखरचं अर्थिंग हवंच. आपल्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, तेव्हा वायरमनकडून एकदा तपासून घ्या आणि जमलं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

खटक्याबद्दल जरा थांबून सांगतो. स्वस्त ग्राइंडरला पुढे सरकवून अडकवायचा खटका असतो. एकदा अडकला की बोट काढलं तरी मशीन चालू राहतं. दुसरा प्रकार दाबून धरायचा: हात सुटला की मशीन बंद. दुसरा प्रकार थोडा महाग पडतो, पण तुमचा मुलगा शिकाऊ असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे द्या. सरकत्या खटक्याचा आपल्याकडे आणखी एक धोका आहे. काम चालू असताना लाइट जाते. माणूस मशीन खाली ठेवतो, चहा प्यायला जातो, खटका तसाच पुढे राहतो. लाइट आली की मशीन जमिनीवर आपोआप सुरू होऊन नाचायला लागतं. जवळ लहान पोर असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. लाइट गेली की आधी खटका मागे ओढा, मग पिन काढा. चकती बदलतानाही पिन काढूनच.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. वाचक फोन करून विचारतात, तरी नाही. एवढंच म्हणेन की ज्याचे कार्बन ब्रश, गार्ड आणि मूठ तुम्हाला नवापूर, नंदुरबार, व्यारा किंवा सुरतेत सहज मिळतील, ते मशीन घ्या. सुटा भाग मिळत नसलेलं मशीन पाचशे रुपयांनी स्वस्त मिळालं तरी गार्ड मोडल्या दिवसापासून ते विनागार्ड चालणार, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. जुनं मशीन घेतानाही हीच अट. बॅटरीचं मशीन चांगलं, वायर पायात येत नाही, पण किंमत जास्त. रोज वापरणार नसाल तर गरज नाही.

१४ इंची कट-ऑफ मशीनबद्दल लोक विचारतात. त्यात एक गोष्ट चांगली आहे: पाइप शिकंजात पक्का असतो आणि हात चकतीपासून लांब राहतो. रोज गेट-खिडक्या करणाऱ्याने ते जरूर घ्यावं. पण ते दोन हजार वॅटच्या वर वीज ओढतं, घरातल्या साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर चालवायचं नाही. शिवाय मागच्या बाजूला ठिणग्यांचा फवारा लांबवर जातो. पडवीत, जिथे मागे भाताचा पेंढा रचलाय, तिथे ते नको.

चकती: वीस-तीस रुपयांचा प्रश्न

लोक मशीन निवडायला आठवडा घालवतात आणि चकती मिळेल ती उचलतात. उलट करा. चकतीवर तिचा व्यास, भोक आणि जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. चकतीवरचा आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. चांगल्या चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर किंवा लेबलवर वापराची मुदतही असते. रेझिनने बांधलेली चकती साधारण तीन वर्षं चांगली राहते, पुढे तिचा चिकटपणा कमी होतो. ओलावाही ती शोषून घेते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते तिथे उघड्यावर टांगलेली चकती कशी राहील? कोरड्या डब्यात, आडवी, सपाट ठेवा. खाली पडलेली, कड तुटलेली चकती फेकून द्या. तीस रुपयांसाठी विचार करू नका.

एक-सव्वा मिमीची पातळ चकती फक्त कापण्यासाठी असते. तिच्या चपट्या बाजूने घासलं की ती फुटते. घासायला सहा मिमीची जाड चकती वेगळी मिळते.

आणि एक विनंती, अगदी हात जोडून. लाकूड कापायचं दात असलेलं गोल पातं ग्राइंडरला लावू नका. बाजारात ते मिळतं, व्हिडिओत लोक लावतातही. ग्राइंडरची चाल, त्याची मूठ, त्याचा गार्ड यातलं काहीच त्या पात्यासाठी बनवलेलं नाही. दात अडकला की मशीन हातातून निसटतं आणि पातं फिरतच राहतं. त्या जखमेत कातडी, स्नायू, शीर असं काहीही फाटतं, आणि कडा इतक्या चेंदलेल्या असतात की जोडताना सर्जनचीही कसोटी लागते.

डोळ्यात कचरा गेला म्हणजे नेमकं काय होतं?

ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, येऊन चिकटतो. गरम असल्यामुळे किंचित रुततो. अश्रूंच्या ओलाव्यात लोखंड गंजायला लागतं आणि काही तासांत, एखाद्या दिवसात, कणाभोवती गंजाचं कडं तयार होतं. आज दुपारी आलात तर कण दोन मिनिटांत निघतो. परवा आलात तर कण निघाला तरी गंज खरवडावा लागतो, डाग राहू शकतो, आणि तो डाग बरोबर बाहुलीसमोर असेल तर नजर कायमची अंधूक होते. म्हणून "रात्रभर बघू, सकाळी जाऊ" हे चालत नाही.

काय करायचं? स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पाण्यात पापण्यांची उघडझाप करा. सैल कण असेल तर निघून जाईल. त्यानंतरही टोचत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. डोळा चोळायचा नाही. रुमालाच्या टोकाने, काडीने, जिभेने किंवा चुंबकाने कण काढायला शेजाऱ्याला बोलवायचं नाही. दूध, अंगावरचं दूध, मध, लोणी, झाडपाल्याचा रस डोळ्यात घालायचा नाही. यांतून जंतू जातात आणि मग साध्या खरचटण्याची जखम होते.

औषधाच्या दुकानातल्या थेंबांचंही तेच. वेल्डिंग करणाऱ्यांमध्ये डोळा बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली हातोहात फिरते. थेंब घातला की दुखणं लगेच थांबतं, म्हणून ते औषध वाटतं. पण तेच थेंब वारंवार घातले तर कॉर्नियाची जखम भरणं थांबतं, पडदा पातळ होत जातो आणि फुटूही शकतो. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी लाली कमी होते आणि आत बुरशीचा संसर्ग असेल तर तो वाढतो. डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय यातलं काहीही नको.

आता सगळ्यांत फसवा प्रकार. लोखंडावर लोखंड आपटताना, विशेषतः डोकं छत्रीसारखं फुललेल्या छिन्नीवर हातोडा मारताना किंवा चकती फुटताना, बारीक तुकडा इतक्या वेगाने येतो की तो डोळ्याच्या आत शिरतो. बाहेरची जखम दिसतही नाही. दुखतं कमी. माणूस म्हणतो, लागल्यासारखं झालं होतं, आता बरं आहे. आत राहिलेलं लोखंड हळूहळू डोळ्याचा पडदा खराब करतं किंवा संसर्ग होऊन डोळा जातो. काम करताना अचानक काही लागलं आणि नजर अंधूक झाली, बाहुलीचा गोल आकार बिघडला, डोळ्यात रक्त दिसलं, काही ओघळल्यासारखं वाटलं, तर इथे नियम उलटे आहेत: धुवायचं नाही, दाबायचं नाही, थेंब किंवा मलम घालायचं नाही. कागदी कपाचा बूड कापून तो डोळ्यावर न टेकता भोवतीच्या हाडावर चिकटवा, खाणंपिणं बंद ठेवा आणि डोळ्याची शस्त्रक्रिया होते अशा ठिकाणी, नंदुरबार, धुळे किंवा सुरत जे जवळ पडेल तिथे, लगेच निघा. तिथे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. डोळ्यात धातू असल्याची शंका असेल तर एमआरआय करायचा नाही, म्हणून पुढे कधी कुणी एमआरआय सांगितला तर ही हकिकत आधी सांगा.

गॉगल कसला घ्यायचा? पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी आणि वरून-खालून बंद असलेला. नंबरचा चष्मा पुरत नाही, कण बाजूने येतो. उन्हाचा गॉगल नाही, तोंडाला बांधलेला गमछा नाही. वेल्डिंगची काळी काच लावून ग्राइंडर चालवणारे मी पाहिले आहेत. त्यातून कट दिसतच नाही. कापताना गॉगलवर ढालही लावा, कारण ढालीच्या खालून कण शिरतात आणि एकटा गॉगल गाल-जबडा वाचवत नाही. काम संपल्यावर गॉगल काढण्याआधी डोळे मिटून केस आणि भुवया झटका. कापताना काही झालं नाही आणि रात्री उशीवर डोकं टेकल्यावर टोचायला लागलं, असं होतं ते केसांतून पडलेल्या कणामुळे.

दुसरा गॉगल पाइप धरणाऱ्यासाठी. घरी काम करताना पाइपाचं दुसरं टोक धरायला बायको, भाऊ किंवा शाळेतून आलेला मुलगा उभा असतो. ठिणग्यांचा झोत कित्येकदा त्याच्याच दिशेने जातो. खरं तर क्लॅम्प लावला तर त्याला तिथे उभं राहायची गरजच नाही.

कापू नये अशा गोष्टी

तेलाचा, डिझेलचा, थिनरचा रिकामा ड्रम. आपल्याकडे ड्रम कापून चूल, कचऱ्याची टाकी, पाण्याची टाकी करतात. रिकाम्या ड्रममध्ये द्रव नसतो पण वाफ असते आणि ठिणगी पडली की तो बॉम्बसारखा फुटतो. झाकण उघडून ठेवलं, पाण्याने एकदा खळबळलं, एवढ्याने वाफ जात नाही. मोटारसायकलची टाकीही तशीच. यात भाजणं आणि मृत्यू, दोन्ही होतात. धान्याची नवी कोठी विकत घ्या, पण ड्रम कापू नका. ठिणगी दहा मीटरपर्यंत जाऊ शकते, तेव्हा पेंढा, कापूस, गॅसची टाकी तेवढ्या अंतरात नको आणि जवळ पाण्याची बादली असू द्या.

जुने सिमेंटचे पत्रे. ग्राइंडर घरात आला की त्याच मशीनने छपराचा पत्राही कापला जातो. त्यात अॅस्बेस्टॉस असतं. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाचा आजार किंवा कर्करोग देतात. त्या दिवशी साधा खोकलासुद्धा येत नाही, म्हणून लोकांना खरं वाटत नाही.

जुना रंग दिलेलं लोखंड. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या सरकारने ९० पीपीएमची मर्यादा घातली ती २०१७ च्या अखेरीपासून. त्याआधीच्या गेटावर, खिडकीवर शिसं असू शकतं. कापायच्या जागेचा रंग आधी ओल्या पॉलिश पेपरने काढा, उघड्यावर कापा, मास्क लावा, आणि त्या धुळीत रांगतं मूल नको.

जस्ताचा मुलामा दिलेला जी.आय. पाइप वेल्ड करताना किंवा खूप तापवून कापताना जस्ताची वाफ निघते. ती नाकात गेली की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, तोंडात नाण्यासारखी चव येते. आपल्या भागात थंडी-ताप म्हटलं की मलेरिया आठवतो आणि रक्त तपासलंच पाहिजे, ते मी कधीच टाळा म्हणणार नाही. पण डॉक्टरांना हेही सांगा की काल दिवसभर जी.आय. पाइपचं काम केलं. हा ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. श्वास लागत असेल तर मात्र वाट बघू नका.

कान

थोडक्यात सांगतो. लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असं धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला दिवसातली पंधरा मिनिटं. त्यापुढे आतल्या कानाच्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. कापसाचा बोळा पुरेसा नाही. फोमचे प्लग दहा-वीस रुपयांना मिळतात.

हात कापला तर

सैल शर्ट, उपरणं, ओढणी, लुंगी यातलं काही अंगावर नको. सैल सुती हातमोजे तर नकोच, ते चकतीत ओढले जातात. हाताला घट्ट बसणारे चामड्याचे चालतात. ड्रिल चालवताना तेही काढून ठेवा.

जखम झाली तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उघडून बघायचं नाही. हात उंच ठेवा. हळद, कॉफी, तंबाखू, बिडीची राख जखमेत भरू नका, ती काढताना रुग्णाला दुप्पट त्रास होतो. चकतीचा तुकडा रुतला असेल तर तिथेच राहू द्या.

धनुर्वाताबद्दल एक गैरसमज आहे. तो गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि गोठ्याशेजारच्या शेडमध्ये दोन्ही मुबलक आहे. माती लागलेल्या जखमेसाठी शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांच्या आत झालं असेल तर पुन्हा लागत नाही. सरकारी लसीकरणात २०१९ पासून टीटीच्या जागी टीडी मिळते, तीत घटसर्पाचंही संरक्षण आहे. लहानपणी लसीच झाल्या नसतील तर ते स्पष्ट सांगा, कारण मग एका इंजेक्शनने भागत नाही. तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

बोट तुटलं तर ते शोधून घ्या. पाण्याने हलकं धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा, आणि किती वाजता तुटलं ती वेळ कुणाला तरी कागदावर लिहायला सांगा. जोडायचं की नाही हे ठरवताना सर्जन सुरुवातीलाच ते विचारतात.